लिफ्टवाल्या बिल्डिंगचे परसरामभाऊ

परसरामभाऊ आडे लिफ्ट चालवायचे ती अनवाणी. वैशाखातलं ऊन असो की पौषातली थंडी, सकाळी आले की वहाणा जिन्याखाली काढायच्या, लिफ्टच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि आत जाऊन स्टुलावर बसायचं. आत कोपऱ्यात देवीचा फोटो, त्याला रोज ताजं फूल, आणि फोटोखाली पाटी : ‘थुंकू नये’. आमच्या यवतमाळातली ही पहिली लिफ्ट. निदान बाजारपेठेतली पहिली, असं मी आपलं जपून म्हणतो; परसरामभाऊंना माझं हे ‘निदान’ कधीच मान्य झालं नाही. गेल्या पोळ्याच्या आधी ते वारले. बिल्डिंग त्यांच्याही आधी गेली.

बिल्डिंगचं खरं नाव रत्नदीप चेंबर्स. तीन मजली, चौकोनी, पिवळा रंग दिलेली, आणि समोरून पाहिली तरी मागून पाहिल्यासारखी वाटणारी. ते नाव फक्त लाइट बिलावर यायचं. गावात तिला सगळे ‘लिफ्टवाली बिल्डिंग’ म्हणत. माझा फोटो स्टुडिओ तिथे दुसऱ्या मजल्यावर होता. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचा स्टँड आणि पेटी घेऊन आलो तेव्हा परसरामभाऊंनी मला वर नेलं. लिफ्ट थांबली ती मजल्याच्या वीतभर वर.

“उतरा फोटूवाले भाऊ. खाली पाहून उतरा.”

“बरोबर मजल्यावर नाही का थांबत ही?”

“बरोब्बर थांबते,” ते म्हणाले, “मजलाच उलीसा खाली बांधला.”

पुढे कळलं, की लिफ्टविषयी वाकडा शब्द काढला की दोष कायम बिल्डिंगचा, नगर परिषदेचा किंवा उतरणाऱ्याचा. लिफ्ट निर्दोष.

आता एक रिवाज सांगतो, तो दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. त्या काळात जिल्ह्यात लग्न झालं, की नवरा-नवरीने केळापूरच्या देवीला जायचं आणि तिथून यवतमाळला येऊन लिफ्टमध्ये बसायचं. कोणी सुरू केलं देव जाणे. पण झरी जामणीपासून नेरपर्यंतची वऱ्हाडं यायची. नवरा-नवरी, करवली आणि एखादी खमकी आत्या एवढेच आत. बाकीचं वऱ्हाड जिन्याने धावत वर, त्यांना उतरताना पाहायला. परसरामभाऊ जाळीचं दार ओढताना विचारायचे, “नाव घेतलं काय? नाव घेतल्याबिगर लिफ्ट नाही हालत.” नवरी बिचारी खरं समजून उखाणा घ्यायची आणि लिफ्ट खरोखरच हलायची. मग दुसऱ्या मजल्यावर, काही गरज नसताना, ते लिफ्ट थांबवायचे. “आलेच हा तं फोटू काढून घ्या.” माझा संसार बराचसा त्या थांब्यावर चालला, खोटं कशाला बोलू!

लोकांचं एक मात्र व्हायचं. आत देवीचा फोटो, उदबत्तीचा वास, त्यात चालवणारा स्वतः अनवाणी. खेड्यावरून आलेली माणसं बाहेर चपला काढून आत शिरायची. वर दातांच्या डॉक्टरकडे, विम्याच्या ऑफिसात, वकिलाकडे अनवाणी जायची आणि काम झालं, की कोणीतरी सांगितलं म्हणून जिन्याने खाली उतरून चपला शोधायची. परसरामभाऊ सगळ्यांना बजावायचे, “चपला घालून या बाप्पा, हे काई मंदिर नोहे.” मी म्हटलं, “मग तुम्ही का काढता?” तर म्हणाले, “मी इथला हावो. थे पाहुने हायेत.”

लिफ्टबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते दर दोन दिवसांनी मला नव्याने सांगायचे. “आपन कोठीच जात नाही भाऊ. आपन इथंच बसून हावो. मजले येऊन राह्यले.” एकदा विम्यावाल्याने त्यांना खोडून काढायचा प्रयत्न केला, दोरखंड, मोटर, सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “असंन. बाहेरून तसं दिसत असंन.”

लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. नेरकडचे दोन सख्खे भाऊ तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलाकडे आले होते. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण, दोघंही एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते. पण एकाने जिन्याने जावं आणि दुसऱ्याने लिफ्टने, हेही दोघांना मंजूर नव्हतं. तेव्हा दोघंही लिफ्टमध्ये शिरले, आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या मधे लाईन गेली. परसरामभाऊंनी स्टुलाखालचा डबा काढला. “आता लाईन येईपर्यंत कोनी कोठी जात नाही. जेवून घ्या.” अंधारात तिघांनी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला. ठेचा जहाल होता. धाकट्याला ठसका लागला, थोरल्याने पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत भावाने भावाला हात लावला तो असा. लाईन आली तेव्हा थोरला म्हणाला, “वर नोको. खालीच घ्या.” दुसऱ्याच दिवशी वकिलाने मालकाकडे लेखी मागणी केली, की लिफ्टला ताबडतोब जनरेटर बसवावा.

हा ठेचा झमकूबाईंच्या हातचा. झमकूबाई म्हणजे परसरामभाऊंच्या घरच्या. गावाबाहेरच्या टेकडीमागे त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा, तिथे थोडी शेती, कापूस आणि तूर. भाऊ सायकलने येऊन-जाऊन करायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी वहिनी वांगी आणि संभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन गावात यायच्या आणि दुपारी डबा द्यायला बिल्डिंगमध्ये यायच्या. डबा द्यायच्या तो दाराबाहेरून, हात लांब करून. परसरामभाऊ दार सताड उघडून उभे राहायचे आणि त्यांच्या गोर बोलीत म्हणायचे, “आव, झमकू, आव.” ये, म्हणजे.

“वरते माह्यं काय काम हाये?” वहिनी मुद्दाम वऱ्हाडीत विचारायच्या, म्हणजे आसपासच्या सगळ्यांना कळावं.

“काम कायले पाह्यजे? एक चक्कर मार.”

“कोनी,” म्हणजे नाही, एवढं त्यांच्या बोलीत म्हणून त्या टोपली उचलायच्या.

इतकी वर्षं हे असंच चाललं. परसरामभाऊंना आयुष्यात दुसरं काही नको होतं, असं मी म्हटलं तर त्यात फार अतिशयोक्ती होणार नाही. पगार वाढावा, मुलगा शिकावा, हे तर सगळ्यांनाच असतं. पण बायकोने एकदा आपल्या लिफ्टमध्ये बसावं, हे त्यांच्या मनात ठाण मांडून बसलं होतं. “सारा जिल्हा बसून गेला भाऊ,” ते म्हणायचे. “जावई बसले, व्याही बसले, तहसीलदाराची सासू बसली. फक्त माह्या घरचं मानूस राह्यलं.” आणि मग स्वतःची समजूत काढायचे, “भेते थे. बाई मानूस हाये.”

हे मला कधी पटलं नाही. बाजारपेठेतला रस्ता नगर परिषदेने सिमेंटचा केला, मग त्यावर आणखी एकदा केला, मग आणखी एकदा. रस्ता वर आला आणि आमचा तळमजला तळघर झाला. पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरायचं, त्यात बेडकं व्हायची आणि एका वर्षी बेडकांच्या मागे साप आला. परसरामभाऊ स्टुलावर पाय वर घेऊन बसले. मी जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवरून सूचना देत होतो. वहिनींनी वांग्यांची टोपली खाली ठेवली, माझा कॅमेऱ्याचा स्टँड मागितला, साप त्यावर उचलला आणि मागच्या नाल्यात सोडून आल्या. स्टँड धुऊन परत दिला. अशी बाई लिफ्टला भिते म्हणे!

परसरामभाऊंनी युक्त्याही करून पाहिल्या. वहिनींची दाढ दुखायला लागली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की मला लाज वाटली. दातांचा डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर! आता तरी वर काम निघालं! त्या दिवशी त्यांनी लिफ्ट पुसून काढली, देवीला हार घातला. वहिनी गालाला पदर लावून आल्या, लिफ्टसमोरून सरळ गेल्या आणि जिना चढल्या. दाढ काढून तोंडात कापूस घेऊन जिन्यानेच उतरल्या. भाऊ दार धरून उभेच. दुसऱ्यांदा मी डाव टाकला. म्हटलं, वहिनी, तुमचा दोघांचा जोडीने फोटो काढतो, वर या. त्या आल्या. जिन्याने. फोटोत त्यांना धाप लागलेली आहे आणि परसरामभाऊ, जे लिफ्टने एकटेच आले होते, ते अपराध्यासारखे दिसतात.

मग गावात पाडापाडी सुरू झाली. कापसाचं जुनं जिनिंग गेलं, तिथे मोटरगाड्यांची शोरूम आली. टॉकीज गेली, तिथे मंगल कार्यालय आलं. दगडी बांधणीच्या जुन्या कचेरीला कोणीतरी गुलाबी रंग मारला आणि तिची शोभा वाढवली असं फलकावर लिहिलं. कॉलेजातले एक प्राध्यापक शहरातल्या उल्लेखनीय इमारतींची पाहणी करत फिरत होते. परसरामभाऊंनी त्यांना रस्त्यावरून हाताला धरून आत आणलं. प्राध्यापकांनी वर-खाली पाहिलं. म्हणाले, “हिच्यात उल्लेख करण्यासारखं काय आहे? कमान नाही, नक्षी नाही.”

“कमान नाही साहेब,” परसरामभाऊ म्हणाले, “पन हे वर जाते.”

प्राध्यापकांनी नोंद केली नाही. जाण्याआधी मात्र एकदा वर जाऊन आले, आणि खाली आल्यावर पुन्हा एकदा.

अखेर आमचाही नंबर लागला. बिल्डिंगचे मालक शेटजी, म्हणजे ज्यांनी हौसेने ही लिफ्ट बसवली ते, आता थकले होते. त्यांच्या मुलांनी नागपूरच्या बिल्डरशी बोलणी करून टाकली. सहा मजले, काचेची लिफ्ट, खाली गाड्या ठेवायला जागा. भाडेकरूंना निरोप गेले. वकील गेला, डॉक्टर गेला, विमा गेला. माझा स्टुडिओ मोबाइलने आधीच अर्धा पाडला होता, उरलेला आवरायचा होता. सगळ्यांना आपापल्या पोटाची चिंता. परसरामभाऊंना मी विचारलं, “तुमचं काय आता?”

“माह्यं काय? शेती हाये,” ते म्हणाले. आणि मग, “लाईन कापायची तारीख ठरली म्हन्तेत. झमकू अजून बसली नाही.”

माणूस नोकरी जाते म्हणून रडला असता, तर समजूत काढता आली असती. याला काय सांगणार?

शेवटच्या दिवशी लिफ्टसमोर गर्दी झाली. कोणी बोलावलं नव्हतं. केस पिकलेली जोडपी आली होती, सोबत लेकी-सुना. एक आजोबा बायकोला म्हणत होते, “नाव घे, नाहीतर हालत नाही थे.” परसरामभाऊ नवा सदरा घालून आले होते आणि एकेकाला वर-खाली करत होते, पण त्यांचं लक्ष सगळं रस्त्याकडे. दुपार उलटली, गर्दी ओसरली. मी पडदे गुंडाळून खाली आणत होतो, तेव्हा वहिनी आल्या. भाऊंचं स्टूल, डबा, देवीचा फोटो, असं सामान घरी न्यायला आल्या होत्या.

त्यांच्या मागोमाग शेटजी आले. धोतर, काठी, चष्मा. लिफ्टमध्ये शिरले, म्हणाले, “चल परसराम, एकदा वर जाऊन पाहून येतो.” मग बाहेर उभ्या असलेल्या वहिनींकडे त्यांचं लक्ष गेलं. शेटजी मनाने वाईट माणूस नव्हे. म्हणाले, “तुझी घरवाली ना ही? ये बाई, तूही ये. आज सगळ्यांना मोकळीक आहे.”

परसरामभाऊंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. दार त्यांनी आणखी मागे ओढलं, ते मागे जाण्यासारखं राहिलं नव्हतं तरी. “आव, झमकू.”

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. शेटजींकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “आज हाये मोकळीक. लिफ्ट सुरू झाली थ्या दिवशी नोहोती.”

शेटजींना काही आठवेना. परसरामभाऊंनाही आठवेना, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा वहिनींनीच सांगितलं. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी त्या तांड्यावरून आल्या होत्या. नवीन फेटिया, म्हणजे घेरदार घागरा नेसलेल्या, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, हातभर बलय्या, पांढऱ्या बांगड्या. सोबत सासू, नणंदा. परसरामभाऊंनी हौसेने दार उघडलं, वहिनींनी एक पाय आत टाकला आणि मागून शेटजी ओरडले, की लिफ्ट भाडेकरूंसाठी आहे, तुझा तांडा फिरवायला नाही. वहिनींनी पाय बाहेर घेतला.

शेटजी चाचरले. “असं? मी बोललो असेन बाई. तेव्हा नवी होती ना लिफ्ट…”

“तुमचं काई नाही शेटजी,” वहिनी म्हणाल्या. “तुमी बोलतच होते सगळ्याईले.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमी ‘जी शेटजी’ म्हनलं. सासू उभी, नंदा उभ्या, अन् तुमी दार लावून घेतलं.”

मी हातातला पडदा घेऊन तसाच उभा. परसरामभाऊंनी आठवायचा प्रयत्न केला असावा. ‘जी शेटजी’ ते दिवसभर म्हणत. त्यातलं नेमकं ते एक त्यांना कुठून आठवणार? डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत.

वहिनींनी स्टूल उचललं, ते खाली ठेवलं, आणि म्हणाल्या, “आता वर काई राह्यलं हाये काय पाह्यन्यासारखं? उद्या पाडूनच राह्यले तं पाहून घेतो.” आणि जिन्याकडे चालू लागल्या.

परसरामभाऊ लिफ्टमधून बाहेर आले. आत शेटजी एकटेच होते.

“अरे, कुठे चालला? वर जायचंय ना?”

“बटन तुमच्या हाताशी हाये शेटजी,” परसरामभाऊ अदबीने म्हणाले. “लिफ्ट तुमचीच हाये.” आणि ते बायकोच्या मागे जिना चढू लागले.

मीही गेलो. म्हटलं तर चोंबडेपणा, पण त्या घडीला मला खाली राहवलंच नाही. भाऊंना जिन्याची सवय नव्हती, पहिल्याच वळणावर ते कठड्याला टेकले. वहिनी थांबल्या. भाऊंची धाप ओसरल्यावर दोघं एकदमच निघाली. तिसरा मजला आला, लिफ्टचा शेवटचा. जिना मात्र आणखी वर जात होता, गच्चीवर.

गच्चीवर आल्यावर वहिनींनी सभोवार पाहिलं. खाली सगळं गाव पसरलेलं : पत्रे, टाक्या, मोबाइलचे टॉवर, जिथे जिथे पाडलं तिथे हिरव्या जाळ्या बांधलेल्या. लांब टेकडी आणि टेकडीच्या खांद्यावरून दिसणारी कौलारू घरं.

“थो आपला तांडा,” वहिनी म्हणाल्या.

परसरामभाऊंनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ पाहत राहिले. “इथून दिसते होय?” ते म्हणाले. “मले मालूमच नोहोतं.”

“कधी आलतेच नाही काय वर?”

“लिफ्ट इथवर येत नाही,” भाऊ म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, “मले त्याच वक्ती काहून नाही सांगितलं?”

“तुमी रोज एवढ्या खुशीनं ‘आव, आव’ म्हनत होते,” वहिनी म्हणाल्या. “कसं सांगू?”

दोघं पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसली. परसरामभाऊ टेकडीकडे बोट करून आपलं शेत शोधत होते आणि वहिनी त्यांचं बोट धरून थोडं डावीकडे नेत होत्या. खालून जाळीचं दार ओढल्याचा आवाज आला, पुन्हा आला, मग शेटजींनी दोनदा “परसराम!” अशी हाक मारली. ते दार लावताना खालून जरा उचलावं लागायचं. ते शेटजींना कोणी सांगितलेलं नव्हतं. परसरामभाऊ सवयीने उठले. मग कठड्यापाशी जाऊन खाली वाकून म्हणाले, “जिना हाये शेटजी,” आणि परत येऊन बसले.

बऱ्याच वेळाने काठीचा ठकठक आवाज वर येत गेला. शेटजी गच्चीच्या दारात आले तेव्हा घामाने भिजले होते, चष्मा हातात होता, आणि बोलायला श्वास उरला नव्हता. बसायला त्या ओट्याशिवाय काही नव्हतं. मी पुढे होणार तेवढ्यात झमकूबाईंनी पदर आवरला, नवऱ्याला कोपराने ढोसून बाजूला सरकवलं, आणि मधली जागा हाताने झाडून म्हणाल्या, “या शेटजी. बसा.”

शेटजी बसले.